शिडवाभाऊंचे जोड

डहाणूत मला ‘नेटवाल्या मॅडम’ म्हणतात. माझ्या नणंदेची तर अजूनही समजूत आहे की मी लोकांना मोबाइल रिचार्ज करून देते, आणि लग्नकार्यात ती पाहुण्यांना तसंच सांगते. मी दुरुस्त करत नाही. खरं काम सांगायला बसले तर पंगत उठून जाईल. पण इथे लिहायला पानं मिळाली आहेत, तर एकदा सांगून बघते.

आमची इंटरनेट पुरवणारी छोटी कंपनी आहे. मालक किरीटभाई, आधी केबल टीव्हीचा धंदा करायचे. डहाणू रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या हे आमचं ऑफिस. तिथून एक लाइन किनाऱ्याने जाते, एक तलासरीला आणि एक आशागड, रानशेत करत सायवनकडे डोंगरात. या सगळ्या वाटा जिथे एकत्र येतात तिथे राउटर बसतो. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी खास यंत्रं असतात. आमच्याकडे एक दणकट कॉम्प्युटर आहे, त्यात राउटरचं काम करणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली आहे आणि त्याच्या पाठीला नेटवर्क कार्डं बसवलेली आहेत. कार्ड म्हणजे वायर खोचायची जागा, असं धरून चाला.

आता गंमत अशी, की कार्डाची भाषा सिस्टिमला येत नाही आणि सिस्टिमची कार्डाला. मध्ये दुभाष्या लागतो. त्या दुभाष्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्या म्हणजे काय हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. कचेरीत पाड्यावरचा माणूस आपल्या बोलीत बोलतो, व्यापारी गुजरातीत बोलतो, कारकून मराठीत लिहितो. मधला माणूस काय गाळतो आणि काय पदरचं घालतो, यावर अर्जाचं नशीब ठरतं. ड्रायव्हरचंही तसंच. किती वेगाने बोलायचं, किती माल साठल्यावर पुढे द्यायचा, काम नसेल तेव्हा जागं राहायचं की डुलकी घ्यायची, हे सगळं त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. एकेक ओळ, प्रत्येक ओळीपुढे एक आकडा. ते आकडे सांभाळणं हे माझं गेल्या अठरा वर्षांचं काम.

या कामाचा मला गर्व होता, हे कबूल करते. तलासरीत एका भातगिरणीच्या मालकांनी पुतण्याकडून असाच राउटर बांधून घेतला होता. नेट रांगत होतं. त्यांनी वायर बदलली, मग दुसरी वायर बदलली, मग विजेचं कनेक्शन तपासलं, शेवटी आम्हाला बोलावलं. मी जाऊन बघितलं तर पुतण्याने कार्डाचा वेग हाताने ठरवून टाकला होता आणि समोरचं यंत्र तो आपला आपण ठरवायच्या तयारीत होतं. दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलत होती. मी एक ओळ बदलली आणि चहा येईपर्यंत सगळं सुरळीत झालं. शेठ मात्र नाराज.

“काय बदललं ते दाखवा तरी,” ते म्हणाले.

मी पडद्यावरची ओळ दाखवली.

“एवढंच? जुना पार्ट वगैरे काही नाही निघाला?”

“नाही.”

“मग मी घरी काय सांगू?”

असे प्रसंग मी रंगवून सांगत असे. लोक वायरी ओढत बसतात आणि मी खुर्चीतून न उठता दुखणं ओळखते, हा त्यातला मतलब. सायवनच्या लाइनचं प्रकरण घडेपर्यंत मी ते सांगत होते.

सायवनच्या लाइनवर दोन मोठी गिऱ्हाइकं. एक निवासी शाळा, आणि त्याच्या पुढे एका धर्मादाय ट्रस्टचा दवाखाना. दोन खाटा, एक ईसीजीचं यंत्र आणि अलका सिस्टर. डॉक्टर डहाणूत बसायचे. छातीत दुखणारा कुणी आला की सिस्टर ईसीजी काढून लाइनवरून पाठवायच्या आणि डॉक्टर तो बघून फोनवर सांगायचे, की घरी पाठवा किंवा ताबडतोब खाली आणा.

ती लाइन सांभाळायचे शिडवाभाऊ. रानशेतच्या पलीकडच्या पाड्यावरचे, पन्नाशीचे, घरची थोडी भातशेती. किरीटभाईंच्या केबल टीव्हीच्या काळापासून खांबावर चढत होते. पुढे काचेची तार आली. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून उजेड जातो आणि त्यातून इंटरनेट. ती तार तुटली की दोन टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर धरून वितळवून जोडायची. टोकावर धुळीचा कण राहिला तरी जोड वाया. शिडवाभाऊ हे बघून बघून शिकले होते. जोडायला बसण्याआधी ते स्पिरिटने तीन वेळा हात पुसत आणि कुणाशी बोलत नसत.

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास रानशेतजवळ रस्ता रुंद करायला खणत होते, त्यात आमची तार तुटली. शिडवाभाऊंनी ती त्याच दिवशी जोडली. दुसऱ्या दिवसापासून अलका सिस्टरांचे फोन सुरू झाले. दुपारी लाइन जाते, म्हणे. थोड्या वेळाने येते, परत जाते.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे राउटर स्वतःच लिहितो ती दिवसभराची नोंदवही. त्यात सायवनच्या कार्डापुढे लिहिलं होतं: लाइन तुटली, लाइन आली, लाइन तुटली. काल जोड झालाय आणि आज लाइन तुटतेय. यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही. शिडवाभाऊंना फोन केला. ते रानशेतला गेले, खांबावर चढले, जोडाची पेटी उघडली. इकडे मी तपासणी सुरू केली, म्हणजे आमच्या बाजूने सायवनकडे एकसारख्या हाका मारायला लागले. लाइन लगेच आली.

“आली,” मी म्हटलं. “काय होतं?”

“काय नाय. पेटी उघडली फक्त. जोड चांगला आहे.”

“हात लागला म्हणून आली असेल. परत करा जोड.”

त्यांनी परत केला. दोन दिवसांनी तेच झालं. ते चढले, मी तपासणी लावली, लाइन आली. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी खांबावरूनच सांगितलं, “ताई, तुमी बघायला लागता तवा ती चालते. आमी काय केला नाय.”

मला वाटलं, माणूस जबाबदारी टाळतोय.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी बोर्डीला एका गिऱ्हाइकाकडे होते. भर दुपारी सिस्टरांचा फोन आला. जान्याबाबा नावाचे एक म्हातारे भात झोडता झोडता छाती धरून बसले होते, त्यांच्या मुलाने त्यांना पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं होतं. ईसीजी काढलाय, पण लाइन नाही.

“शिडवाभाऊंना पाठवते,” मी म्हणाले. “थोडं थांबा, ते पोहोचले की येईल.”

सिस्टर थांबल्या. माझ्या शब्दावर थांबल्या. वीस मिनिटं झाली, म्हाताऱ्यांना घाम फुटला, तेव्हा त्यांनी लाइनचा नाद सोडला, समोरून जाणारी एक जीप थांबवली आणि त्यांना डहाणूला घेऊन निघाल्या. मी ऑफिसात परतून तपासणी लावली आणि लाइन आली. त्याच मिनिटाला शिडवाभाऊ रानशेतला पेटी उघडून उभे होते. माझ्या दृष्टीने हा पुरावा पक्का झाला.

जान्याबाबा वाचले. झटकाच होता. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ट्रस्टने किरीटभाईंकडे लेखी खुलासा मागितला आणि किरीटभाईंनी तो मला लिहायला सांगितला. मी लिहिलं: रानशेतजवळील जोड सदोष आहे. तिथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे आणखी एक वाक्य लिहिलं: जोडणाऱ्याचा हलगर्जीपणा दिसतो. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला नव्हता.

किरीटभाईंनी शिडवाभाऊंना कामावर यायला मनाई केली. ते जोडायचं यंत्र परत करायला ऑफिसात आले. माझ्या टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी खांबावर चढायचा पट्टा आणि स्पिरिटची बाटली ठेवली.

“ताई, तीनदा फोडून तीनदा जोडला. एवढ्यांदा माणूस चुकल?”

“लॉगमध्ये दिसतंय, भाऊ.”

“ता कोण लिवतो?”

“मशीन लिहिते. आपोआप.”

“मशीन माझ्या जोडाजवळ आहे का तुमच्याजवळ?”

मला तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला. ते जिना उतरून गेले.

मग वापीहून एक ठेकेदार आला. त्याच्याकडे तारेतला उजेड कुठे किती कमी होतो ते दाखवणारं यंत्र होतं. त्याने रानशेतचा जोड तपासला आणि मला फोनवर विचारलं, “मॅडम, हा जोड कुणी केलाय? काढायचं कारण नाही, फार चांगला आहे.” तरी मी तो काढायला लावला. नवा जोड झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली.

त्या दिवशी मी डबा उघडला होता. एक घास खाल्ला आणि तसाच बाजूला ठेवला. शिडवाभाऊंचा प्रश्न डोक्यात आला, आणि आता तो अडाणी वाटेना. मशीन कुणाजवळ आहे? मशीन माझ्याजवळ होती. ‘लाइन तुटली’ असं कार्ड लिहितं, आणि कार्डाला रानशेत दिसत नाही, सायवन दिसत नाही. त्याला फक्त त्याच्यात खोचलेली वायर दिसते. ती हातभर वायर माझ्या टेबलावरून एका डबीत जाते, आणि त्या डबीतून पुढे काचेची तार सुरू होते.

मी तपासणी बंद केली. सगळं बंद करून नुसती बघत बसले. शाळेला दिवाळीची सुट्टी, त्यामुळे लाइनवर काही वर्दळ नव्हती. काही मिनिटं गेली आणि डबीवरचा हिरवा दिवा विझला. मी सायवनकडे एक हाक मारली. दिवा लागला. परत हात मागे घेतला, परत विझला. हे मी पाच वेळा केलं.

गणपती झाल्यावर मी राउटरची सिस्टिम नवी केली होती. नव्या सिस्टिमबरोबर नवा ड्रायव्हर आला, आणि त्याच्या सेटिंगमध्ये वीज वाचवायची एक ओळ आपोआप चालू होऊन आली. काम नसलं की कार्डाने डुलकी घ्यायची. आमच्या त्या स्वस्त डबीला ती डुलकी कळत नव्हती. समोरचा मेला असं समजून ती लाइन सोडून द्यायची. आमच्या बाजूने काही पाठवलं की कार्ड जागं व्हायचं; सायवनकडून कुणी कितीही हाका मारल्या तरी नाही. शाळा सुरू होती तोवर वर्दळ होती, कार्डाला डुलकी घ्यायला सवडच मिळाली नाही. सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात रानशेतची तार तुटली, जोडली गेली. मी जोडाकडे बोट दाखवलं. सिस्टिम नवी केल्यावर प्रत्येक कार्डाच्या ओळी वाचायच्या असतात. मी किनाऱ्याच्या आणि तलासरीच्या वाचल्या होत्या, तिथे गिऱ्हाइकं जास्त. सायवनच्या वाचल्या नव्हत्या.

त्या ओळीपुढे एक होता, तिथे शून्य केला. लाइन त्यानंतर गेली नाही.

किरीटभाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, “चालू थई गयु ने, बेन? बस. आता कशाला उकरून काढता? ट्रस्टवाले परत विचारतील.”

“शिडवाभाऊंचं काय?”

“बोलावून घेऊ ना. महिनाभराने. आपोआप विसरतील सगळे.”

मला तेव्हा ते पटलंही. खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून काही कामासाठी सिस्टरांचा फोन आला आणि बोलता बोलता त्या म्हणाल्या, “मॅडम, त्या शिडवाला इकडे बाजारात लोक बोलतात हो. जान्याबाबाच्या मुलाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, माझ्या बापाला मारायला निघाला होतास का म्हणून.”

मी स्कूटर काढली आणि रानशेतला गेले. पाड्यावर शिडवाभाऊ अंगणात पेंढ्याचे भारे रचत होते. मला बघून त्यांच्या बायकोने पाणी आणलं आणि ती दारातच उभी राहिली.

“भाऊ, लाइनमधला दोष सापडला,” मी म्हणाले.

“कंच्या खांबावर होता?”

“कुठल्याच नाही. माझ्या टेबलावर होता. माझीच चूक होती. तुमचे सगळे जोड चांगले होते. मी ते न बघता लिहून दिलं.”

त्यांनी हातातला भारा नीट रचला. मग खाली बसले. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि त्याची मी तयारी करून आले होते. ते चिडले नाहीत. त्यांनी मला सगळं विचारून घेतलं. दिवा कधी विझायचा, हाक मारली की किती वेळात लागायचा, शाळा चालू असताना का नाही झालं. अर्धा तास विचारत होते. शेवटी म्हणाले, “हां. म्हणजे मी खांबावर सांगितला तसाच.”

“तसंच.”

“तुमी कामावर परत या म्हणाल आता.”

“हो. मी किरीटभाईंशी बोलते.”

“ता मागून बघू. आधी सायवनला चला. मना सांगितलात तसा तिथे सांगा. जान्याबाबाच्या घरी.”

मी म्हणाले, ट्रस्टला पत्र देते, किरीटभाईंना लेखी देते. त्यांनी मान हलवली. “कागद द्या, तोपण द्या. पण बाजारात कागद कोण वाचतो?”

दारात उभी असलेली त्यांची बायको तेवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. “आजच जा,” ती म्हणाली.

ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. दवाखान्यातून अलका सिस्टरही बरोबर आल्या. जान्याबाबा घराबाहेर बाजेवर बसले होते, अंगावर घोंगडी, शेजारी गोळ्यांची पिशवी. मुलगा शिडवाभाऊंना बघून उठून उभा राहिला. सिस्टरांनी त्याला बसवलं.

मी सांगायला सुरुवात केली. कार्ड, ड्रायव्हर, सेटिंग हे शब्द माझ्या तोंडातून निघत होते आणि समोरची माणसं शिडवाभाऊंकडे बघत होती. तेव्हा त्यांनीच त्यांच्या बोलीत सांगितलं. मला सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की त्यांनी मला वाईट म्हटलं नाही आणि काही लपवलंही नाही. डहाणूच्या ऑफिसात एक यंत्र आहे, ते दुपारी झोपायचं, त्याला झोपायला ह्या बाईंनी सांगितलं नव्हतं, पण ते झोपतं का हे त्यांनी बघितलं नाही. असं.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, “सिस्टरांना थांबायलाही मीच सांगितलं होतं. तीही माझीच चूक.”

मग जान्याबाबांनी विचारलं, “मंग बाय, आता तुझी नोकरी जेली?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग याची कशी जेली?”

म्हाताऱ्याचा आवाज साधा होता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर शोधलं. मला राउटर चालवता येतो आणि दुसऱ्या कुणाला येत नाही, हे एक उत्तर होतं. माझ्यावर संशय घ्यायला कुणी लॉग उघडून बसलं नव्हतं, हे दुसरं. दोन्ही मी तोंडाबाहेर काढली नाहीत. शिडवाभाऊ उठले आणि म्हणाले, “चला ताई, उन्हं कलली.” मुलाने त्यांना थांबवलं, चहा घेऊन जा म्हणाला. फक्त त्यांना म्हणाला. मग सिस्टरांनी माझ्यासाठीही कप आणला.

ट्रस्टला मी पत्र दिलं, त्यात ते हलगर्जीपणाचं वाक्य माझ्या नावावर घेतलं. किरीटभाई आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलायला लागले. शिडवाभाऊंना मी तीनदा बोलवायला गेले. ते तिन्ही वेळा नीट बोलले, पाणी दिलं, आणि आले नाहीत. पुढे तलासरीकडे तार टाकणाऱ्या एका दुसऱ्या कंपनीत त्यांना काम मिळालं. त्यांनी त्या ट्रस्टच्या पत्राची झेरॉक्स माझ्याकडून मागून नेली होती, ती तिथे दाखवली म्हणे.

मी अजून तेच काम करते. आता लॉगमध्ये ‘लाइन तुटली’ असं वाचलं की आधी माझी हातभर वायर तपासते, कार्डाच्या सगळ्या ओळी वाचते, आणि मगच खांबावरच्या माणसाला फोन लावते. यामुळे दर वेळी थोडा उशीर होतो. किरीटभाई कुरकुरतात. कुरकुरू देत.

मागच्या पावसाळ्यानंतर तलासरीच्या बाजारात शिडवाभाऊ भेटले. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली बसून जोड करत होते, बरोबर त्यांच्या कंपनीतले दोघेजण. मी लांब थांबले. जोड पुरा झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि मला हाक मारली. चहा मागवला. मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं.

त्या दोघांपैकी एकाने माझ्याकडे बघत त्यांना हळूच विचारलं, “ही तीच बाई काय?”

“तीच,” शिडवाभाऊ म्हणाले, आणि पुढचं टोक पुसायला घेतलं.

कागद लिहिणारी ती, की सायवनला येऊन सांगणारी ती, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते आता जोडणार होते, म्हणून आम्ही सगळेच गप्प बसलो.